मुलीला इतिहासाची गोडी लावायची आहे, पण विषय काढला की ती उठून जाते. काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा: घरात आई-बाबांपैकी एकाला इतिहासाचं वेड आहे, पुस्तकं भरपूर आहेत, मुलगी नऊ वर्षांची आहे. सांगायला बसलं की दहाव्या मिनिटाला ती म्हणते, ‘शाळेत कमी असतो का, आता घरीही?’ ही आवड तिच्यापर्यंत पोचवायची कशी?

तुमची आवड बऱ्याच वर्षांच्या वाचनातून तयार झाली आहे. एखाद्या तहाचं नाव कानावर पडलं की तुमच्या डोक्यात माणसं, नकाशे, आधीची भांडणं असं सगळं जागं होतं. मुलीला त्यातलं काहीच माहीत नसतं, म्हणून तुमचे निष्कर्ष ऐकताना ती कंटाळते. त्यात तिचं काही चुकत नाही. तिला कोडं आणि पुरावा द्या, उत्तर राखून ठेवा. ‘हे कशावरून कळलं?’ हा प्रश्न तिच्या तोंडून आपणहून यायला लागला की निम्मं काम झालं.

एक नमुना देतो. १८३०च्या दशकात जेम्स प्रिन्सेप हा टांकसाळीतला अधिकारी अशोकाच्या स्तंभांवरची ब्राह्मी लिपी वाचण्याच्या खटपटीत होता. त्या काळी ती कुणालाच वाचता येत नव्हती. सांचीच्या स्तूपाच्या दगडी कठड्यांवर त्याच लिपीतले छोटे लेख होते, बरेचसे एकेका ओळीचे. त्यांचे ठसे एकत्र पाहताना प्रिन्सेपच्या लक्षात आलं, की बहुतेक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात आणि शेवटी टिंब आहे. स्तूपाच्या कठड्यावर इतक्या जणांनी नाव कशासाठी कोरून घेतलं असेल? देणगी दिली म्हणून. मग शेवटचा शब्द ‘दानं’ असणार. ‘द’ आणि ‘न’ हाती आले आणि १८३७ मध्ये बाकीची अक्षरं भराभर उलगडली.

ही गोष्ट सांगण्याआधी मुलीला हेच करायला लावा. स्वतःची एक लिपी बनवा आणि तिच्यात सहा चिठ्ठ्या लिहा: ‘मामाची भेट’, ‘रमाची भेट’, ‘मीनाची भेट’ अशा. एका अक्षराला काना-मात्रेसकट एकच चिन्ह, म्हणजे ‘मा’ हे एक आणि ‘मी’ हे वेगळं. ‘ची’, ‘भे’, ‘ट’ ही तीन चिन्हं प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी येतील. ‘मामा’मध्ये एकच चिन्ह लागोपाठ दोनदा येतं, ते चटकन डोळ्यात भरतं. ते सुटलं की ‘रमा’चा अर्धा भाग आपोआप सुटतो. नावं तिच्या ओळखीची हवीत आणि एकूण चिन्हं पंधराच्या वर जाऊ देऊ नका. पाच मिनिटं काहीच सुचलं नाही तर एवढंच म्हणा, ‘सगळ्या चिठ्ठ्यांचे शेवट एकाखाली एक ठेव.’ हे जमत नाही तेव्हा बहुतेकदा कारण एकच असतं: आई-बाबा उत्साहाच्या भरात जोडाक्षरं आणि वेलांट्यांसाठीही वेगळी चिन्हं करतात आणि कोडं मोठ्यांनाही सुटेनासं होतं. चिठ्ठ्या सुटल्या की प्रिन्सेपची गोष्ट दोन मिनिटांत सांगा. आता ती ऐकेल, कारण त्याची अडचण तिने स्वतः अनुभवलेली असते.

मूल अकरा-बारा वर्षांचं असेल तर पुढची पायरी घ्या. स्तंभांवरच्या लेखांत राजा स्वतःला ‘देवानंपिय पियदसि’ म्हणवतो, ‘अशोक’ हे नाव तिथे नाही. हा राजा म्हणजे अशोक, हे श्रीलंकेच्या पाली ग्रंथांशी ताडून ठरवलं गेलं. ‘अशोक’ हे नाव स्पष्टपणे असलेला लेख कर्नाटकातल्या मस्कीला सापडला तो १९१५ मध्ये. मग विचारा: मधली सत्तर-ऐंशी वर्षं ‘हा अशोकच’ असं म्हणणारे लोक बरोबर होते, पण त्यांना खात्री किती असायला हवी होती? या प्रश्नावर चांगलं अर्धा तास बोलणं होतं, मात्र तुम्ही गप्प बसायला हवं.

वयाचं गणित फार ताणू नका, पण ढोबळ अंदाज असू द्या. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ‘जुनं’ आणि ‘नवं’ कळतं, ‘तीनशे वर्षांपूर्वी’ हे त्याच्यासाठी नुसतं ‘खूप पूर्वी’ असतं. सात-आठला आधी काय आणि नंतर काय हा क्रम लागतो. नऊ-दहापासून शतकांची मापं बसू लागतात. कारणं, हितसंबंध आणि एकाच घटनेच्या दोन परस्परविरोधी हकिकती यांची खरी मजा अकरा-बारानंतर. नऊ वर्षांच्या मुलीला युद्धामागची राजकीय कारणं सांगून काही उपयोग होत नाही, पण त्या सैन्याचा दारूगोळा नदीपलीकडे कसा नेला, यात ती रमेल.

काळाची जाणीव मोजून द्यावी लागते. त्यासाठी भिंतीवर कालपट्टी लावा. प्रमाण १ सेंमी म्हणजे १० वर्षं, त्यामुळे इ.स.पू. ३००० पासून आजपर्यंतची पट्टी पाच मीटरच्या किंचित वर जाते. खोलीच्या दोन भिंतींवर ती सहज मावते. साधा, जाडसर कागद घ्या. बिलाच्या यंत्राचा गुळगुळीत रोल वापरू नका. त्यावरचा मजकूर उष्णतेने उमटतो आणि उन्हात किंवा भिंतीच्या उबेने कागद काळवंडतो. आधी मुलीचं स्वतःचं आयुष्य रंगवा: नऊ मिलिमीटर. सत्तर वर्षांच्या आजीचं सात सेंटिमीटर. मग इजिप्तमधला खुफू राजाचा पिरॅमिड सुमारे इ.स.पू. २५६० ला, इजिप्तचीच राणी क्लिओपात्रा हिचा मृत्यू इ.स.पू. ३० ला आणि चंद्रावरचं पहिलं पाऊल १९६९ ला. पट्टीवर पिरॅमिड ते क्लिओपात्रा अंतर २५३ सेंमी भरतं आणि क्लिओपात्रा ते चंद्र जेमतेम २००. टेप मुलीच्या हातात द्या आणि आकडा तिलाच वाचू द्या.

इथे तीन चुका ठरलेल्या आहेत. पहिली, अलीकडच्या शंभर वर्षांत नोंदी मावत नाहीत म्हणून तिथे प्रमाण मोठं करणं. असं केलं की पट्टीचा सगळा अर्थच गेला. त्यासाठी खाली वेगळी पट्टी लावा, १ सेंमीला १ वर्ष, एक मीटर लांब. दुसरी, शून्य वर्ष. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य नाही, म्हणून दोन्ही बाजूंच्या सालांची बेरीज करून त्यातून एक वजा करायचा: ३० अधिक १९६९ वजा १, म्हणजे १९९८ वर्षं. तिसरी, शतकांची नावं. सतरावं शतक म्हणजे १६०१ ते १७००, आणि ‘सोळाशे’ ऐकून मुलं हमखास सोळावं म्हणतात. पट्टीवर शतकाचं नाव त्याच्या पट्ट्याच्या मधोमध लिहिलं तर हा घोळ बराच कमी होतो. आणि पहिल्या दिवशी पट्टी भरून टाकू नका. आठ-दहा नोंदी पुरेत. पुढची प्रत्येक नोंद मुलीला ज्या दिवशी कशात तरी रस वाटला त्या दिवशीची.

आता वस्तू. घरातलं एक जुनं नाणं घ्या. कुठल्याही देशाचं चालेल. एक मिनिट कुणी बोलायचं नाही, नुसतं बघायचं, भिंग असेल तर उत्तम. मग कागदावर तीन रकाने: ‘दिसतं’, ‘वाटतं’, ‘शोधायचं’. ‘राजाचं डोकं’ हे ‘दिसतं’मध्ये जात नाही. दिसतो तो मुकुट घातलेला माणूस. तो राजा आहे हे ‘वाटतं’. हा फरक मुलं दोन-तीन वेळांत पकडतात, मोठ्यांना मात्र जास्त वेळ लागतो. कडेला हात लावायला सांगा. खाचा कशाला? सोन्या-चांदीची नाणी चालत तेव्हा लोक कडेचा धातू गुपचूप कातरून घेत आणि नाणं पुढे खपवत. कड खाचांची असली की कातरलेलं लगेच उघडकीला येतं. इंग्लंडात १६९६ मध्ये कातरलेली, झिजलेली जुनी चांदीची नाणी गोळा करून वितळवली आणि त्या जागी यंत्रावर पाडलेली नाणी आणली. त्याच वर्षी तिथल्या टांकसाळीत वॉर्डन म्हणून रुजू झालेल्या माणसाचं नाव होतं आयझॅक न्यूटन. सफरचंदवाला न्यूटन इथे कुठे भेटला, हे आश्चर्य मुलीला पुरेसं आहे. तिथेच थांबा.

नाणं साफ करू नका. पॉलिश किंवा कुठलंही आंबट द्रावण लावून घासलं की वरचा थर जातो आणि त्याबरोबर बारीक अक्षरंही. धरायचं ते कडेने, खाली टॉवेल पसरून.

न्यूटनवरून एक सुंदर फाटा फुटतो. त्याचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा की ४ जानेवारी १६४३ चा? दोन्ही बरोबर. बऱ्याच कॅथलिक देशांनी १५८२ पासून ग्रेगरी दिनदर्शिका, म्हणजे आज आपण वापरतो ती, स्वीकारली होती, इंग्लंड जुन्यावर अडून होतं आणि दोन्हींत तेव्हा दहा दिवसांचं अंतर होतं. इंग्लंडने ती १७५२ मध्ये घेतली तेव्हा २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. त्या महिन्याचं कॅलेंडर मुलीला काढायला लावा. बुधवारी २, गुरुवारी १४. मधल्या अकरा दिवसांत कुणाचा वाढदिवस असेल तर? भाडं पूर्ण महिन्याचं द्यायचं का? असे प्रश्न तीच काढेल. तारीख ही माणसांनी ठरवलेली गोष्ट आहे, हे असं समजलं की विसरत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांची मुलाखत हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फसणारा उपक्रम आहे. फसतो तो प्रश्नामुळे. ‘तुमच्या लहानपणी कसं होतं?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘फार वेगळं होतं, आतासारखं नव्हतं.’ पुढे काही नाही. प्रश्न वस्तूचा किंवा जागेचा विचारायचा: शाळेत जाताना पायात काय असायचं? रात्री अभ्यासाला उजेड कशाचा? घरात पहिल्यांदा फोन आला तेव्हा तो कुठे ठेवला होता? जुना फोटो समोर ठेवला तर आणखी चांगलं, आधी फोटोतल्या कोपऱ्यातल्या वस्तूंबद्दल विचारायचं आणि माणसांबद्दल नंतर. सहा-सात प्रश्न, वीस ते तीस मिनिटं, त्याहून लांबवायचं नाही. रेकॉर्डिंगला आधी परवानगी घ्या आणि सुरुवातीलाच तारीख, ठिकाण, दोघांची नावं मोठ्याने बोलून घ्या, नाहीतर पाच वर्षांनी ती फाइल कुणाची हेच कळत नाही. मधे साल चुकलं तर दुरुस्त करू नका. बोलणाऱ्याची तंद्री मोडते आणि नंतर तो सावध होऊन बोलतो.

नंतर आजोबांनी सांगितलेलं एखादं साल दाखल्याशी किंवा जुन्या पत्राच्या शिक्क्याशी ताडून बघा. बऱ्याचदा जुळत नाही. तेव्हा ‘आजोबा चुकले’ असं म्हणून विषय मिटवू नका. शाळेत नाव घालताना जन्मतारीख अंदाजाने लिहिली गेली असेल, पत्र उशिरा टाकलं असेल, किंवा आठवणीत दोन वर्षं एकमेकांत मिसळली असतील. कुठला पुरावा कुणी, कशासाठी आणि घटनेनंतर किती दिवसांनी तयार केला, हे तीन प्रश्न मुलीच्या वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवावेत असे आहेत.

फोटोंबाबत दोन-तीन बारीक गोष्टी. मागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. पेनाची शाई कालांतराने पुढच्या बाजूला उमटते. सेलोटेप, लॅमिनेशन आणि चिकट पानांचे अल्बम टाळा. लहान फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा म्हणजे मोठा करून पाहताना चेहरे फाटत नाहीत.

संग्रहालयात जाताना सगळं बघायचं ठरवलं तर काहीच बघून होत नाही. दहा वर्षांखालच्या मुलासाठी पाऊण ते एक तास आणि तीन ते पाच वस्तू, बस. वस्तू आधी ठरवा आणि थेट त्या दालनात जा. दारातल्या पहिल्या दालनापासून सुरुवात केली की आवडीची वस्तू येईपर्यंत पाय दुखायला लागलेले असतात. फोटोऐवजी चित्र काढू द्या: पुठ्ठा, कोरा कागद, पेन्सिल. चित्र बेकार आलं तरी हरकत नाही, मडक्याला कान एक होता की दोन हे काढताना बघावं लागतं. पाटी शेवटी वाचायची. पाटीवर काय, कुठे सापडलं, कधीचं, कशाचं असे भाग असतात, आणि बऱ्याच ठिकाणी एक नोंदणी क्रमांक असतो ज्याचा पहिला भाग वस्तू संग्रहालयात आल्याचं वर्ष सांगतो. हे एकदा दाखवलं की मुलं क्रमांक वाचत फिरतात. ‘हे खरं की प्रतिकृती?’ हा प्रश्नही शिकवून ठेवा. इटलीतल्या पॉम्पेईची माणसांची प्रसिद्ध ‘शरीरं’ बऱ्याच मुलांना दगड झालेली माणसं वाटतात. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शरीरांचं मांस कुजून गेलं आणि घट्ट राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या उरल्या. १८६३ मध्ये ज्युझेप्पे फिओरेल्लीने त्यांत पातळ प्लास्टर ओतलं आणि आजूबाजूची राख काढली. आकार खरा, प्लास्टर नंतरचं. बाहेर पडल्यावर प्रश्नमंजुषा घेऊ नका. परीक्षा आहे असं एकदा वाटलं की पुढच्या वेळी ती यायला तयार होणार नाही.

चित्रपट, व्हिडिओ आणि आता यंत्राने बनवलेली चित्रं यांच्यापासून मुलीला दूर ठेवणं शक्य नाही, गरजही नाही. प्रत्येक चित्राला एकच प्रश्न लावायचा: घटना कधीची, चित्र कधीचं? अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टन होडीतून डेलावेअर नदी ओलांडतोय, हे जगभर छापलं जाणारं चित्र घ्या. घटना डिसेंबर १७७६ ची, इमॅन्युएल लॉइत्झेचं चित्र १८५१ चं. होडीत तारे आणि पट्टे असलेला अमेरिकेचा झेंडा फडकतोय, पण तो झेंडा ठरला जून १७७७ मध्ये. चूक सांगू नका. दोन तारखा द्या, चित्र द्या आणि म्हणा, ‘यात एक वस्तू असायला नको होती, शोध.’

गोष्ट सांगायचीच असेल, आणि सांगावी, तर निर्णयाच्या जागी थांबा. हॉवर्ड कार्टर या पुरातत्त्वज्ञाला ४ नोव्हेंबर १९२२ रोजी इजिप्तमधल्या राजांच्या खोऱ्यात खणताना एक दगडी पायरी लागली. खाली उतरत गेल्यावर मोहोर लावलेलं दार. अनेक हंगाम हात रिकामे गेले होते आणि पैसे देणारा लॉर्ड कार्नार्व्हन इंग्लंडात होता. तू असतीस तर? तिला उत्तर देऊ द्या. कार्टरने पायऱ्या पुन्हा बुजवल्या, तार केली आणि कार्नार्व्हन येईपर्यंत जवळजवळ तीन आठवडे थांबला. आतल्या दाराला भोक पाडून तुतानखामेन राजाच्या थडग्यात पहिल्यांदा डोकावलं ते २६ तारखेला. ‘आत काय आहे हे त्याला माहीत नव्हतं’ हे मुलीला सतत आठवून द्यावं लागतं, कारण आपल्याला शेवट माहीत असतो आणि त्यामुळे सगळे निर्णय सोपे वाटतात.

कत्तली, गुलामगिरी, युद्धं यांचं काय? आठ वर्षांखाली प्रेतांचे फोटो दाखवू नयेत, यावर वाद नको. बाकी जेवढं विचारलं तेवढं खरं सांगा आणि थांबा. आकड्याने सुरुवात करू नका, लाखांचा आकडा मुलाला काहीच सांगत नाही. एका माणसापासून सुरू करा. खोटं सांगून वेळ मारून नेऊ नका. बारा-तेराव्या वर्षी तिला खरं कळतं आणि मग तुमच्या बाकी गोष्टींवरही शंका घेते. जो नायक तुम्हाला अतिशय प्रिय आहे त्याच्याबद्दल तिने अडचणीचा प्रश्न विचारला तर तुमचा चेहरा कसा होतो, ते ती बघत असते. तिथे आवाज चढला की ती पुढे विचारायचं सोडून देईल.

वेळ किती द्यायचा? आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं ही रविवारच्या दोन तासांपेक्षा कितीतरी उपयोगी. एका दमात तुम्ही दोन मिनिटांपेक्षा जास्त बोललात तर ते भाषण झालं असं समजा.

आणि तिला तुमचा काळ, तुमची लढाई, तुमचं घराणं आवडेलच असं नाही. तिला फुटबॉल आवडत असेल तर तिथूनच सुरू करा: १८६३ मध्ये लंडनमध्ये नियम ठरवायला क्लब जमले, प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारायची मुभा असावी का आणि चेंडू हातात घेऊन धावावं का यावरून फाटलं, आणि १८७१ मध्ये रग्बीवाल्यांनी आपली वेगळी संघटना काढली. आगगाड्या आवडत असतील तर घड्याळाकडे वळा. रेल्वे येईपर्यंत ब्रिटनमध्ये गावागावाची वेळ वेगळी होती, आणि ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० मध्ये आपल्या सगळ्या स्थानकांवर लंडनची वेळ लावली. वेळापत्रक आणि नकाशा समोर ठेवून, प्रत्येक गावाचं घड्याळ काही मिनिटं मागे धरून गाडी कधी पोचेल ते काढायला लावा. हिशोब जमत नाही, आणि का जमत नाही हे शोधण्यात तास निघून जातो.

पुस्तक निवडताना मजकूर वाचण्याआधी चित्रांखालच्या ओळी वाचा. ‘सुमारे’, ‘बहुधा’, ‘याचा पुरावा नाही’ असे शब्द कुठेच नसतील तर ते पुस्तक खाली ठेवा. जुन्या काळाच्या नकाशावर आजच्या देशांच्या सीमा खुलासा न करता छापल्या असतील तरीही. अस्सल साधन, म्हणजे एखादं पत्र किंवा प्रवाशाचं वर्णन, वाचायला द्यायचं तर अर्ध्या पानापेक्षा जास्त नको. अवघड शब्दांचे अर्थ समासात आधीच लिहून ठेवा आणि दोन रंगांच्या पेन्सिली द्या: लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेलं एका रंगात, त्याने ऐकलेलं दुसऱ्या. ज्या ओळीला कुठला रंग द्यायचा यावर तुमचं आणि तिचं जमणार नाही, ती ओळ दोघांनी पुन्हा वाचा.